मुदत टळलेल्या रसायनांत स्लाइड धुणे

प्रश्न : माझ्याकडे ई-6 प्रक्रियेचा, म्हणजे स्लाइड फिल्म धुण्याचा, तीन द्रावणांचा संच आहे (पहिला डेव्हलपर, रंगाचा डेव्हलपर आणि चांदी काढून टाकणारे ब्लिक्स), पण त्याची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली. पहिला डेव्हलपर तपकिरी झाला आहे आणि ब्लिक्सच्या तळाशी पिवळा साका बसला आहे. तरीही एक रोल धुतला, तर सगळ्या स्लाइड काळपट आल्या. वेळ वाढवून हा संच वापरता येईल का?

उत्तर : काळपटपणा नेमका कोणत्या बाटलीमुळे आला, हे आधी ठरवावे लागेल. पिवळा साका म्हणजे ब्लिक्समधील थायोसल्फेट हे रसायन विघटित होऊन वेगळे झालेले गंधक. ते गाळून टाकले तरी द्रावणाची गेलेली ताकद परत येत नाही. ब्लिक्स अशक्त असेल तर फिल्ममध्ये चांदी राहून जाते आणि चित्र मळकट दिसते. ही चूक मात्र सुधारता येते. रोलच्या सुरुवातीचा उजेड लागलेला तुकडा आणि एक नकोशी स्लाइड ताज्या ब्लिक्समध्ये बुडवून पाहा. हे काम उजेडातही चालते. तुकडा काचेसारखा स्वच्छ झाला आणि स्लाइडही उजळली, तर उरलेला रोल वाचला असे समजा.

काहीच फरक पडला नाही, तर दोष पहिल्या डेव्हलपरचा आहे आणि त्याला उपाय नाही. हा डेव्हलपर फिल्मवरील चांदीच्या क्षाराच्या प्रकाश लागलेल्या कणांची चांदी करतो व उरलेल्या कणांपासून पुढे रंग तयार होतात. त्यामुळे तो ऑक्सिडीकरणाने दुबळा झाला की कण जास्त उरतात, रंग जास्त बनतो आणि स्लाइड गडद होते. 38 अंश सेल्सिअसला 6 मिनिटे ही त्याची नेहमीची वेळ आहे, आणि साधारण 2 मिनिटे वाढवली की एका स्टॉपचा, म्हणजे दुप्पट प्रकाशाइतका, फरक पडतो. पण हा हिशेब ताज्या द्रावणाचा आहे. तपकिरी द्रावणाला किती मिनिटे द्यावीत हे चाचणीची पट्टी धुऊन कळेलही, मात्र पुढच्या आठवड्यात तेच उत्तर चुकीचे ठरेल. निगेटिव्हमधील उणीव प्रिंट काढताना सावरता येते, स्लाइडला ती सवलत नाही. म्हणून पहिला डेव्हलपर आणि ब्लिक्स दोन्ही बदलावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

राहिला रंगाचा डेव्हलपर. दोन फ्रेममधली पट्टी भिंगातून पाहा. ती दाट काळी असेल तर तो अजून चालेल, फिकट किंवा एखाद्या रंगाकडे झुकलेली दिसली तर तोही टाकावा. हाताळताना हातमोजे घालावेत, कारण या डेव्हलपरमुळे त्वचेला ॲलर्जी होऊ शकते.