कॅमेरा नंतर घे, आधी गावचा तलाव धर

भाऊ, पक्षी टिपायला कॅमेरा कोणता घेऊ असं तू विचारलंस. ते राहू दे, आधी तुझ्या गावचा मामा, म्हणजे माजी मालगुजारी, तलाव धर. मालगुजारांच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जुन्या जमीनदारांच्या, काळातले असे तलाव भंडारा-गोंदियात गावोगाव आहेत. वर्षभर एकाच काठावर बसलं की जे कळतं, ते अभयारण्यं पालथी घालून कळत नाही.

हे मला माझ्या बालमित्रानं शिकवलं. गुरं राखायचा, शाळा लवकर सुटली, पण पाहायला मी त्याच्याकडूनच शिकलो. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून लोक झाडाखालचा पाला पेटवतात, आणि त्यातून जंगलाला वणवा लागतो. माझा मित्र मात्र पाला हातानंच झाडायचा. एकदा झाडता झाडता अस्वलाची ताजी विष्ठा दिसली, तर टोपली उचलून म्हणाला, "आज फुलं खायची त्याची पाळी, चल घरी." तो आज नाही. फार आठवतो.

तुला सारस पाहायचाय ना? पावसाळ्यात तो धानाच्या बांधीत, म्हणजे पाणी साचलेल्या भातखाचरात, गवत-काड्यांचा ढीग रचून घरटं करतो. अंडी बहुधा दोन, नर-मादी आळीपाळीनं उबवतात. फोटोसाठी जवळ गेलास तर जोडी उठते आणि अंडी उघडी पडतात. लांब धुऱ्यावर, शेताच्या बांधावरच थांब. आणि बांधी ज्याची, त्या शेतकऱ्याशी आधी बोल. घरटं राहणं-मोडणं त्याच्याच हाती असतं.

वहीत तारीख, पाणी किती, पक्षी काय करत होता, एवढं लिही. नाव ठाऊक नसेल तर चोचीचं चित्र काढून ठेव आणि गावातल्या ढिवर, म्हणजे मासेमारी करणाऱ्या, मंडळींना विचार. दुर्बीण ८ बाय ४२ची, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची, पुरे.