काटा ८० टक्क्यांवरच का थांबतो?

प्रश्न : आमच्या घरच्या १,००० लिटरच्या प्रोपेनच्या टाकीचा काटा गॅस भरण्यापूर्वी ३० टक्क्यांवर होता आणि नंतर ८० वर थांबला, बिल मात्र ६०० लिटरचे आले. यात काही चूक आहे का?

उत्तर : ८० टक्के हे योग्यच आहे, कारण द्रवरूप प्रोपेन तापले की बरेच प्रसरण पावते आणि त्यासाठी वरची जागा मोकळी ठेवावीच लागते. बिलाबाबतची शंका मात्र रास्त वाटते. काटा ढोबळ असतो आणि तापमानानुसार मापात दुरुस्ती होते, हे मान्य करूनही ५०० च्या जागी ६०० हा फरक मोठा आहे. पावतीवरील मीटरच्या नोंदी दाखवून लेखी खुलासा मागा. आणि कळकळीने सांगतो, कुजक्या अंड्यांसारखा वास आल्यास दिव्याचे बटणही न दाबता सर्वांना घेऊन बाहेर पडा, कारण हवेहून जड असलेला हा वायू जमिनीलगत साचतो. मदतीसाठी फोनही बाहेर, दूर गेल्यावरच करा.