ज्वारी खाऊनही त्रास का?

प्रश्न: लेकीला सिलिॲक (गव्हातलं ग्लूटेन आतड्याला न सोसण्याचा आजार) निघालंय, गहू कधीच बंद केला, रोज ज्वारीची भाकरी, तरी पोट फुगतं, जुलाब होतात. काय चुकतंय?

उत्तर: ताई, माझा पहिला संशय गिरणीवर. ज्वारी तुमची चांगलीच असेल हो, पण त्याच चक्कीत आधी कुणाचे गहू दळले असतील तर ते पीठ तुमच्या डब्यात येणारच, मग घरघंटी घ्या नाहीतर ज्वारी मिक्सरला फिरवा. दुसरा हिंग! डबीतल्या हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं, लेबल वाचा, तांदळाच्या पिठातला पण मिळतो. परात-पोळपाट वेगळं ठेवा. एवढं करूनही थांबलं नाही तर डॉक्टरांना टीटीजी टेस्ट (सिलिॲकची रक्ततपासणी) परत करायची का विचारा, आणि सुरुवातीला काहींना दूधही पचत नाही, तेही बघा.