झाडं-पक्ष्यांची काहीच माहिती नसताना निसर्ग केंद्रात स्वयंसेवक म्हणून जाता येईल का?

येईल, खुशाल जा. तुम्हाला दोन शंका आहेत: एक, झाडापक्ष्यांची नावं येत नाहीत, दोन, तिथल्या जुन्या मंडळींचा घट्ट गट असेल आणि आपण उपरे ठरू. अशा केंद्रात मी बरीच वर्षं जाते आहे. पहिली शंका तर आजच सोडून द्या. जाणकार मिळतात हो, ठरल्या दिवशी ठरल्या वेळी येणारी माणसं मिळत नाहीत.

नावं न येताही करण्यासारखं पुष्कळ असतं. पायवाटेवर आलेल्या फांद्या छाटायच्या असतात, रोपवाटिकेत पिशव्या भरायच्या असतात, सहलीला आलेल्या मुलांची रांग सांभाळायची असते. आणि फोन घ्यायचे असतात! हे काम मला फार मोलाचं वाटतं. विणीच्या हंगामात सारखं कुणीतरी विचारतं, ‘पिल्लू खाली पडलंय, काय करू?’ याचं उत्तर एका दुपारात शिकता येतं. पिल्लाच्या अंगावर पिसं आली असतील, ते टुणटुण उड्या मारत असेल, तर बहुतेक वेळा ते उडायला शिकत असतं. आईबाप जवळपासच असतात. मांजर-कुत्री लांब ठेवायची आणि आपणही लांब व्हायचं. अंग उघडंच असेल आणि घरटं हाताला येत असेल, तर अलगद परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की पक्षी पिल्लाला टाकून देतात, हा समज खोटा आहे. जखम दिसली किंवा मांजराने तोंडात धरलं असेल, तर मात्र उपचार करणाऱ्यांकडेच पाठवायचं. एवढं शांतपणे सांगणारं कुणी फोनपाशी असलं, की चांगली धडधाकट पिल्लं खोक्यात घालून आणली जात नाहीत.

माणसांशी ओळख होते ती मात्र तण काढताना. घाणेरीचंच बघा. मूळची अमेरिका खंडातल्या उष्ण प्रदेशातली, शोभेचं झुडूप म्हणून जगभर नेली गेली आणि कितीतरी देशांच्या रानांत तिने खालचं गवत, लहान रोपं दाबून टाकली. वरून कापली तर बुंध्यातून पुन्हा फुटते. म्हणून हे काम दोघातिघांनी मिळून करायचं. एकाने काटेरी फांद्या ओढून धरायच्या, दुसऱ्याने जमिनीखाली दोन-तीन बोटांवर मुख्य मूळ तोडायचं आणि मग अख्खं झुडूप मुळं वर करून उलटं ठेवायचं, म्हणजे ते परत रुजत नाही. हे फळं धरायच्या आत उरकलेलं बरं. पक्षी ती फळं खातात आणि मोठ्या झाडांवर बसून खाली बिया टाकतात; त्यामुळे त्या झाडांखाली उगवणारी रोपं पुढची काही वर्षं उपटत राहावी लागतात. एकदाच मोठी मोहीम काढून भागत नाही, आणि नेमकं इथेच नेमाने येणाऱ्या माणसाचं महत्त्व कळतं. समोरच्याने आपल्यासाठी फांदी धरून ठेवलेली असते, तेव्हा तो विद्यार्थी आहे की निवृत्त अधिकारी, हे कुणी विचारत नाही. एरवी ज्यांची कधी गाठही पडली नसती अशी माणसं या कामातून माझ्या घरची झाली आहेत.

दुसऱ्या शंकेत थोडं तथ्य आहे. जुन्या लोकांचे आपापसात जुने वाद असतात. फोटोसाठी पक्षी जवळ यावा म्हणून त्याचा रेकॉर्ड केलेला आवाज लावावा का? पडलेलं वाळकं खोड हलवावं का? (माझं मत विचाराल तर आवाज लावू नये, विणीच्या काळात तर नाहीच नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं समजून पक्षी धावून येतो आणि पिल्लांना भरवायचं राहून जातं. खोड वाटेत नसेल तर तिथेच कुजू द्यावं. किडे, बुरशी, सरडे सगळ्यांचा संसार त्यावर चालतो.) तुम्ही लगेच कुठली बाजू घेऊ नका. ऐकत राहा, यातूनच निम्मं शिक्षण होतं.

नावं शिकायची असतील तर पक्षीगणनेत लेखनिक व्हा. ‘ई-बर्ड’ ही लोकांनी पाहिलेल्या पक्ष्यांच्या नोंदी जमा करणारी वेबसाइट २००२ पासून चालू आहे. दर फेब्रुवारीतली ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना १९९८ पासून होते आणि तिच्यात किमान पंधरा मिनिटांचं निरीक्षणही चालतं. जाणकार बोलतो, नवखा लिहितो: सुरुवातीची वेळ, संपल्याची वेळ, चाललेलं अंतर आणि ओळखता आलेला प्रत्येक पक्षी. कावळे-चिमण्याही गाळायच्या नाहीत. यादी पूर्ण असली तरच काय दिसलं नाही हेही पुढे अभ्यासणाऱ्याला कळतं. लिहिता लिहिता नावं तोंडात बसतात.

पहिल्यांदा जाल ते कार्यक्रमाच्या गर्दीत नको, साध्या कामाच्या दिवशी जा. व्यवस्था बघणाऱ्या व्यक्तीला विचारा, ‘माणूस नाही म्हणून कुठलं काम अडलंय?’ पंधरवड्यातून दोन तास जमत असतील तर तेवढेच कबूल करा, आणि एखाद्या वेळी जमणार नसेल तर आदल्या दिवशी कळवा. पूर्ण बाह्यांचे कपडे, बंद बूट आणि पाण्याची बाटली बरोबर असू द्या. हातमोजे बहुतेक तिथेच मिळतील.