शेजाऱ्यांनी बीफ नूडल खायला बोलावले आहे, जावे का?

प्रश्न : आम्ही तैवानमध्ये शिंचूला राहतो. शेजारच्या तैवानी कुटुंबाने आम्हा सर्वांना गल्लीच्या तोंडाशी असलेल्या बीफ नूडलच्या दुकानात रविवारी जेवायला बोलावले आहे. आम्ही कोंबडी आणि मासे खातो, पण गोमांस आणि डुकराचे मांस खात नाही. सध्या आमच्याकडे आलेल्या सासूबाई पूर्ण शाकाहारी आहेत. नाही म्हटले तर शेजाऱ्यांना वाईट वाटेल, आणि गेलो तर खायचे काय? दहा वर्षांची मुलगी तर "मी चव घेऊन पाहू का?" असे विचारते आहे.

उत्तर : अवश्य जा, पण आपण काय खात नाही हे दुकानात बसल्यावर नव्हे, तर आजच शेजाऱ्यांना सांगा. ‘आम्ही गोमांस खात नाही’ हे वाक्य तैवानमध्ये कोणाला चमत्कारिक वाटत नाही. तेथील भातशेती अनेक पिढ्या बैलांच्या आणि रेड्यांच्या बळावर झाली, आणि ज्या जनावराने आपल्यासाठी नांगर ओढला त्याला खायचे नाही, ही भावना शेतकरी घरांत इतकी खोल रुजली की आजही अनेक वयस्कर तैवानी माणसे गोमांसाला हात लावत नाहीत. बेंदराला बैलांची पूजा करणाऱ्या मुलुखातून आलेल्यांना ती निराळी समजावून सांगावी लागत नाही. म्हणून पथ्याची किंवा ॲलर्जीची खोटी सबब पुढे करू नका. खरे कारण अधिक आदराने ऐकले जाईल, आणि कदाचित शेजारीच दुसरे दुकान सुचवतील.

बेत तोच राहिला, तर त्या वाडग्यात काय असते हे माहीत असलेले बरे. 1949 च्या सुमारास चीनच्या मुख्य भूमीवरून जे सैनिक आणि त्यांची कुटुंबे तैवानात आली, त्यांच्या वसाहतींतून सिचुआनी धाटणीचे हे तिखट सूप पसरले, असे सामान्यतः मानले जाते. गोमांस आणि हाडे, सोया सॉस, आंबवलेल्या कडधान्यांची तिखट चटणी, आले, चक्रीफूल, दालचिनी आणि आपल्या कोकणातल्या तिरफळाच्याच कुळातले सिचुआनी मिरे हे सारे काही तास मंद आचेवर एकत्र शिजते. सारी चव रश्श्यातच उतरलेली असल्यामुळे मांसाचे तुकडे काढून ठेवल्याने तो पदार्थ गोमांसविरहित होत नाही. पदार्थांच्या यादीत बहुधा ‘न्यू-रोऊ थांग म्येन’ नावाचा एक स्वस्त प्रकार असतो. त्यात तुकडे नसतात, पण नूडल गोमांसाच्या रश्श्यातच असतात, आणि नवख्या माणसाची फसगत नेमकी येथे होऊ शकते.

तुम्हा पतिपत्नींसाठी तिळाच्या वाटणातले कोरडे नूडल, म्हणजे ‘मा-ज्यांग म्येन’, हा बरा पर्याय आहे. पुष्कळ दुकानांत तो मिळतो, मात्र वरून मांसाचा रस्सा आणि डुकराची चरबी घालू नका, असे आधी सांगावे लागते. उकडलेल्या पालेभाजीवरही हेच दोन्ही घालण्याची पद्धत आहे. काचेच्या कपाटात छोट्या बशा मांडलेल्या दिसतील. त्यांतील ठेचलेली काकडी आणि शेंगदाणे सहसा निर्धोक असतात, पण तपकिरी रंगाचे टोफू, अंडी आणि समुद्री शेवाळ पुष्कळदा मांसाबरोबर एकाच भांड्यात शिजवलेले असते. टेबलावरचे मोहरीच्या पानांचे लोणचेही काही ठिकाणी चरबीत परतलेले असते. या सूचना शेजाऱ्यांकडूनच चिनी लिपीत फोनवर लिहून घ्या आणि मागणीच्या कागदावर खुणा करताना दुकानदाराला दाखवा.

सासूबाईंच्या बाबतीत मी अधिक काटेकोर राहीन. सर्वांचे नूडल एकाच पातेल्यात उकडले जातात आणि दुकानभर रश्श्याचा वास असतो. ज्यांनी आयुष्यभर शाकाहार पाळला त्यांना तेथे रिकाम्या बशीसमोर बसवणे मला योग्य वाटत नाही. यायचे की नाही हे त्यांनाच ठरवू द्या, आणि यायचे असेल तर त्यांना घरी जेवू घालून मग न्या. खरे तर तैवान शाकाहारी माणसाला फार सोयीचे आहे. बौद्ध परंपरेमुळे तेथे शाकाहारी खाणावळी गल्लोगल्ली आहेत, त्यांच्या पाट्यांवर पुष्कळदा उलट्या दिशेचे स्वस्तिक असते, आणि काटेकोर बौद्ध शाकाहारात चातुर्मासाप्रमाणे कांदा-लसूणही वर्ज्य असतो. एखाद्या दिवशी सासूबाईंना मुद्दाम अशा खाणावळीत न्या, म्हणजे परक्या देशात आपल्याला जेवायला जागा आहे याचा त्यांना केवढा धीर येईल!

मुलीचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण तिने तो लपवून न ठेवता तुम्हालाच विचारला आहे. तिला रागावू नका, आणि ‘घाण असते’ असे तर मुळीच सांगू नका. तिच्या मैत्रिणी तेच प्रेमाने खातात, आणि ते शब्द त्यांच्यापर्यंत पोहोचतील. आपल्या घरी गोमांस का खात नाहीत, हे तुमचे जे खरे कारण असेल त्याच शब्दांत सांगा, मग ते श्रद्धेचे असो वा केवळ सवयीचे. माझे मत विचाराल तर दहाव्या वर्षी घराचा नियम आईवडिलांनी ठरवावा, आणि मोठेपणी तिचा निर्णय तिचा राहील हेही तिला आताच सांगावे. मात्र तुम्हा पतिपत्नींचे यावर एकमत नसेल, तर ते आधी आपसांत मिटवा. भर दुकानात आईने नको म्हणायचे आणि वडिलांनी चमचा पुढे करायचा, असे होऊ देऊ नका.

दुकानातल्या रीतिभाती साध्या आहेत. चॉपस्टिक आणि चमचे स्वतः घ्यायचे असतात, नूडल सुर्रकन ओढून खाल्ले तरी कोणी नाक मुरडत नाही, आणि टिप द्यावी लागत नाही. पैसे शेजारी देऊ लागले तर एकदा आग्रह करा आणि मग देऊ द्या. परतीचे निमंत्रण आपल्या घरी द्या, आणि तारीख ठरवण्यापूर्वी तेही काय खात नाहीत हे विचारा, कारण चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तेथील पुष्कळ कुटुंबे शाकाहार पाळतात.