ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातलं आजोबांचं कौलारू घर गळतंय, कौलं काढून पत्रा घालावा का?

घाईने पत्रा घालू नका. मंगलोरी कौलाचं छप्पर गळतं तेव्हा अनेकदा दोष कौलांचा नसतो, खालच्या लाकडाचा असतो. रीप, म्हणजे कौलं ज्यावर टेकतात ती आडवी लाकडी पट्टी, कुजली की कौल सरकतं आणि पाणी आत येतं. आधी माळ्यावर चढून वासे (रीपा पेलणारी उतरती लाकडं), रीपा आणि आढं (छपराच्या माथ्याचं आडवं लाकूड) स्क्रूड्रायव्हरने टोचून पाहा. वाशाची भिंतीत शिरलेली टोकं तर नक्कीच पाहा, ओल आणि वाळवी तिथूनच सुरू होते. टोक कुजलं असेल तर तेवढंच कापून सागाचा जोड देता येतो, अख्खा जुना वासा फेकू नका. तसं लाकूड आज सहज मिळत नाही हो!

कौलं उतरवताना मागचा कारखान्याचा छाप बघा. वेगळ्या कारखान्याच्या कौलाच्या खाचा एकमेकांत नीट बसत नाहीत, म्हणून पाडलेल्या घरांची त्याच छापाची कौलं शोधा. शाबूत कौलं समोरच्या बाजूला, नवी मागे. आढ्यावर निव्वळ सिमेंट थापू नका, तडकतं. चुना मिसळा.

घर वारसा यादीत आहे का, हे महापालिकेत आधी विचारा. काम मात्र पावसाआधी, मेअखेर संपायलाच हवं.