शांघाय: आईबाबांसोबत सहा दिवस

दिवाळीच्या सुट्टीत आईबाबांना घेऊन सहा दिवस शांघायला निघालाय, दोघंही शाकाहारी, चिनी कुणालाच येत नाही, तर राहायचं कुठे आणि बघायचं काय, असं तुम्ही विचारलंय. मी कामानिमित्त सहा वर्षं तिथे होतो. त्या काळात माझी आई दोनदा येऊन राहून गेली, त्यामुळे तुमची काळजी मला नेमकी कळते. तिथे फिरणं सोपं आहे. अवघड आहे ती आधीची तयारी, आणि ती सगळी घरी बसून उरकता येते.

वेळ चांगली निवडलीत. 1 ऑक्टोबरपासूनचा आठवडा त्यांच्या राष्ट्रीय सुट्टीचा असतो, तेव्हा अख्खा चीन घराबाहेर पडतो आणि पाय ठेवायला जागा मिळत नाही. तो सरला की नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत हवा चालण्यासारखी असते. हिवाळ्यात मात्र म्हातारी माणसं नेऊ नयेत. उत्तर चीनसारखी घरं गरम ठेवायची सरकारी सोय शांघायला नाही, आणि तो ओला गारठा हाडांत शिरतो. व्हिसाचं तुम्ही पाहिलं असेलच. व्हिसाशिवाय दहा दिवस थांबू देणाऱ्या ट्रान्झिट सवलतीबद्दल वाचलं असेल, तर ती भारतीय पासपोर्टला लागू नाही.

आता फोन, कारण तिथे सगळं फोनवर चालतं. शरद ऋतूत रस्त्याच्या कडेला भाजलेली रताळी विकणारा माणूससुद्धा गाड्यावर क्यूआर कोड लावून उभा असतो. अलीपे आणि वीचॅट ही पैसे द्यायची दोन्ही अॅप इथूनच टाका, पासपोर्टची पडताळणी करून घ्या आणि आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड कंपनीचं कार्ड जोडा. बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करायला विसरू नका, बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं. आपलं यूपीआय तिथे उपयोगाचं नाही. एका वेळी 200 युआनपर्यंत परदेशी कार्डाला जादा शुल्क नाही, त्यावर तीन टक्के लागतात. चार-पाचशे युआन सुट्ट्या नोटांत जवळ असू द्या.

गूगल, व्हॉट्सअॅप, यूट्यूब तिथल्या इंटरनेटवर बंद आहेत. पण भारतातल्या सिमवर रोमिंग पॅक घेतलात तर चालतात, कारण तो डेटा आपल्याकडच्या कंपनीमार्फत फिरून येतो. ओटीपीसाठी तेच सिम चालू लागतं. गूगलच्या नकाशावर मात्र विसंबू नका. चीनमध्ये नकाशांची अक्षांश-रेखांश पद्धत मुद्दाम वेगळी ठेवलेली आहे, त्यामुळे ठिकाण काहीशे मीटर सरकलेलं दिसतं. अॅमॅप हे तिथलं नकाशाचं अॅप वापरा, आयफोन असेल तर त्याचाच नकाशा चांगला आहे. टॅक्सीसाठी अलीपेच्या आतच ‘दीदी’ ही ओला-उबरसारखी सेवा मिळते. हात दाखवून थांबवायची भानगड नको.

राहायला हुआंगपू नदीच्या पश्चिमेला, पीपल्स स्क्वेअर किंवा जिंगआन मंदिराच्या आसपास, मेट्रोच्या 2 नंबर लाइनजवळ हॉटेल घ्या. पूर्वेकडचं पुडोंग फोटोत देखणं दिसतं, पण तिथले रस्ते रुंद, चौक लांबलांब, आणि ज्येष्ठांचे पाय तिथे दमतात. 2 नंबर थेट पुडोंग विमानतळावरून येते. मॅग्लेव्हमध्ये, म्हणजे चुंबकाच्या जोरावर रुळाच्या वर तरंगत धावणाऱ्या गाडीत, एकदा बसवा आईबाबांना: विमानतळ ते लोंगयांग रोड हे 30 किलोमीटर आठेक मिनिटांत, तिकीट 50 युआन, त्याच दिवसाचं विमानाचं तिकीट दाखवलं तर 40. ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर 24 तासांच्या आत पोलिसांकडे नोंद करावी लागते. हॉटेल ती स्वतःच करतं.

मेट्रोबद्दल एक स्वानुभव. पीपल्स स्क्वेअर स्टेशनवर तीन लाइनी मिळतात आणि बाहेर पडायच्या दारांची गणती राहत नाही. तिथे संध्याकाळच्या गर्दीत मी डब्यात शिरलो, दार लागलं आणि आई फलाटावर राहिली. तिच्या पर्समध्ये मी एक कार्ड ठेवलेलं होतं. त्यावर चिनी लिपीत घराचा पत्ता, माझा नंबर आणि ‘कृपया या नंबरवर फोन करा’ एवढंच. तिने ते समोरच्या सुरक्षा कर्मचारी मुलीच्या हातात दिलं. मी पुढच्या स्टेशनावर उतरून परतेपर्यंत त्या मुलीने आईला खुर्चीवर बसवलं होतं आणि कागदी पेल्यात गरम पाणी दिलं होतं. तेव्हा आईबाबांच्या खिशात असं एकेक कार्ड ठेवाच. आणि ठरवून टाका: जो मागे राहील त्याने जागचं हलायचं नाही, जो पुढे गेला त्याने परत यायचं.

रस्त्यांची नावं सुरुवातीला डोकं फिरवतात, पण जुन्या मध्यभागात त्यांना एक शिस्त आहे. पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्यांना शहरांची नावं: नानजिंग, बीजिंग, फूझोऊ. उत्तर-दक्षिण जाणाऱ्यांना प्रांतांची: सिचुआन, हनान, शानदोंग. शेवटचं ‘लू’ म्हणजे रस्ता, त्याच्या आधीचं ‘तोंग’ म्हणजे पूर्व, ‘शी’ म्हणजे पश्चिम. नानजिंग तोंग लू आणि नानजिंग शी लू हे एकाच रस्त्याचे तुकडे असले तरी चालत जायला अंतर मोठं आहे. हे एवढं आईबाबांना समजावलंत की त्यांना शहर ओळखीचं वाटायला लागेल. रस्ता ओलांडताना आधी डावीकडे बघा, आणि विजेच्या स्कूटरींना जपा. त्या अजिबात आवाज करत नाहीत.

बघायचं काय? पहिली संध्याकाळ बंडवर, म्हणजे नदीकाठच्या जुन्या दगडी इमारतींच्या रांगेपाशी. समोर 632 मीटरचा शांघाय टॉवर. दिवे साधारण रात्री दहाला मालवतात, म्हणून सातच्या सुमारास पोचा. पर्यटकांच्या महागड्या बोटीऐवजी साधी फेरीबोट घ्या. दोन युआनात ती पलीकडे नेते, शेजारी स्कूटर घेऊन घरी निघालेली माणसं उभी असतात, आणि दिवे तेच दिसतात.

बंडवर नानजिंग रोडच्या कोपऱ्यावर हिरव्या टोकदार छपराची इमारत आहे, तिथे थांबा. आज ते पीस हॉटेल आहे, 1929 मध्ये उभं राहिलं तेव्हा ससून हाउस होतं. व्हिक्टर ससूनने बांधलेलं. पुण्याचं ससून हॉस्पिटल आणि मुंबईचा ससून डॉक ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जातात, तेच हे घराणं. व्हिक्टरचे पणजोबा डेव्हिड ससून पुण्यात लाल देऊळ या ज्यू प्रार्थनास्थळाच्या आवारात चिरविश्रांती घेतायत. त्यांच्या श्रीमंतीत मुंबईहून चीनला जाणाऱ्या अफूचा वाटा मोठा होता. त्या दारात उभं राहून हे बाबांना सांगा. मी आईला सांगितलं तेव्हा ती बराच वेळ त्या छपराकडे बघत होती.

युयुआन ही मिंग काळातली, सोळाव्या शतकातली बाग सकाळी उघडल्या उघडल्या बघा, दहानंतर त्या नागमोडी पुलावर ढकलाढकली असते. एक अख्खी दुपार वूखांग रोडला द्या. दोन्ही बाजूंना चिनारची झाडं, नोव्हेंबरात पानं पिवळी पडतात, आणि टोकाला 1924 ची, जहाजाच्या निमुळत्या पुढच्या भागासारखी इमारत. तिथे काही ‘बघायचं’ नसतं, नुसतं चालायचं. टॉवरवर चढण्यापेक्षा मला हे केव्हाही मोलाचं वाटतं.

शनिवार-रविवार मिळाला तर दुपारी पीपल्स पार्कमध्ये जा. वाटेच्या कडेला उघड्या छत्र्या मांडलेल्या असतात आणि प्रत्येक छत्रीवर एक कागद: जन्मसाल, उंची, शिक्षण, पगार, स्वतःचा फ्लॅट आहे की नाही. मुला-मुलींची लग्नं जमवायला आलेले हे आईबाप. आपल्या वधू-वर सूचक मंडळांत वावरलेल्या माणसाला भाषा न येताही तिथलं सगळं समजतं. माझी आई एका बाईंशेजारी बाकावर बसली आणि दोघी आपापल्या भाषेत बोलत होत्या. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका, त्यांना आवडत नाही.

तिथेच आणि नानजिंग रोडवर एक सावधगिरी. गोड बोलणारी दोन मुलं इंग्रजीत गप्पा मारतात, फोटो काढून द्या म्हणतात, आणि मग पारंपरिक चहा प्यायला चला म्हणतात. जाऊ नका. पहिल्याच महिन्यात मी गेलो होतो, चार छोट्या पेल्यांचं बिल हजाराच्या वर आलं. आतून कडी लावलेली खोली आणि दारात उभा माणूस असला की वाद घालायचं बळ राहत नाही. बाकी शहर रात्रीसुद्धा अतिशय सुरक्षित आहे.

जेवण. ‘मांस नको’ एवढं सांगून भागत नाही. मांसाला तिथे ‘रौ’ म्हणतात, आणि ‘रौ’ म्हणजे त्यांच्या लेखी मुख्यतः डुकराचं मांस, तेवढं वगळून रस्सा हाडांचाच राहतो. म्हणून एक वाक्य चिनीत भाषांतर करून त्याचा स्क्रीनशॉट ठेवा: आम्ही मांस, मासे, कोळंबी, प्राण्यांची चरबी, हाडांचं सूप आणि ऑयस्टर सॉस खात नाही, अंडं चालतं किंवा चालत नाही. ‘ती सान श्यान’ मागवा. वांगं, बटाटा आणि ढोबळी मिरची, भाताबरोबर आईबाबांना घरचं वाटेल. जेड बुद्ध मंदिरात शाकाहारी नूडल्स मिळतात, आणि 1922 पासूनचं गोंगदलिन हे पूर्ण शाकाहारी उपाहारगृह आहे. तिथे ताटात हुबेहूब बदक दिसेल. ते सोयाचं असतं, पण आईला आधी सांगून ठेवा. बौद्ध पद्धतीच्या जेवणात कांदा-लसूणही नसतो, हे कुणी पाळत असेल तर मोठी सोय.

नळाचं पाणी पिऊ नका. थर्मास न्या, गरम पाणी स्टेशनपासून हॉटेलपर्यंत फुकट मिळतं. देशांतर्गत विमान घेणार असाल तर पॉवर बँकेवर त्यांचा सुरक्षिततेचा 3सी शिक्का हवा, नाहीतर काढून घेतात. एक दिवस जवळच्या सूझोऊ शहरासाठी ठेवा, बुलेट ट्रेनने अर्धा तास. तिकीट पासपोर्टवरच असतं, तो हॉटेलात विसरू नका.

हॉटेल ठरलं की जवळचं मेट्रो स्टेशन इथे लिहा. त्या भागातलं भाजी-मशरूमचे वाफवलेले बाओ, म्हणजे आत सारण भरलेले पाव, मिळणारं सकाळचं दुकान शोधून देतो.